जागा सोडलेल्या पेशीची ओळख

पोलिओचा विषाणू माणसाच्या पेशीत नेमका कशाला धरून शिरतो, हे १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात उलगडलं. व्हिन्सेंट रॅकॅनिएलो यांच्या प्रयोगशाळेत कॅथी मेंडेल्सन यांनी तो रेणू बनवणारं जनुक हुडकून काढलं आणि रेणूला ‘पोलिओ विषाणूचा रिसेप्टर’ असंच नाव पडलं. आज त्याला सीडी१५५ म्हणतात. पण शत्रूला आत यायला सोयीचं जावं म्हणून कुठलंही शरीर दार बांधून ठेवत नाही. हा रेणू तिथे स्वतःच्या कामासाठी होता; विषाणूने त्याचा गैरफायदा घेतला एवढंच. ते मूळ काम कळायला पुढे बरीच वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा पोलिओवर काम करणाऱ्यांपेक्षा कॅन्सरवर काम करणाऱ्यांनी कान टवकारले.

सीडी१५५ हा चिकटरेणू आहे. शरीरातल्या पेशी एकमेकींना आणि आजूबाजूच्या जाळीला धरून राहतात त्या अशाच रेणूंच्या जोरावर: कॅडहेरिन, इंटिग्रिन, नेक्टिन. जपानमधले योशिमी ताकाई आणि त्यांचे सहकारी यांनी नेक्टिन कुळाचा फार बारकाईने अभ्यास केला. शेजारच्या दोन पेशी जिथे भिडतात तिथे नेक्टिन समोरासमोर येऊन गुंततात आणि जोड पक्का होतो. सीडी१५५ याच कुळाचा चुलतभाऊ, पण त्याची रीत वेगळी. पेशी सरकत असते तेव्हा तिच्या पुढच्या कडेवर तो गोळा होतो आणि तिच्या चालीला हातभार लावतो. शेजारीण भेटली, जोड बसला, की पेशी त्याला पृष्ठभागावरून आत ओढून घेते. त्यामुळे प्रौढ माणसाच्या निरोगी ऊतींत तो जेमतेमच दिसतो. गाठीत मात्र तो भरपूर असतो. रास जनुक बिघडून सतत चालू राहिलं, डीएनएला इजा झाली, गर्भावस्थेतली वाढीची संकेतसाखळी अवेळी जागी झाली, की सीडी१५५ वाढतो. थोडक्यात, ज्या गोष्टींनी पेशी कॅन्सरच्या वाटेला लागते त्याच गोष्टी हा रेणू तिच्या अंगावर चढवतात.

प्रतिकारशक्ती ‘आपलं’ आणि ‘परकं’ ओळखते, असं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कॅन्सरच्या बाबतीत हे सूत्र लंगडं पडतं, कारण कॅन्सरची पेशी आपलीच असते. टी पेशी एचएलए रेणूंवर मांडलेले प्रथिनांचे तुकडे तपासतात. बदललेला तुकडा दिसला तर हल्ला करतात. हे कळल्यासारख्या अनेक गाठी एचएलएच गाळून टाकतात. त्यावरची शरीराची तोड १९८६ मध्ये स्वीडनच्या क्लास शेरे आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिली: नॅचरल किलर, म्हणजे एनके पेशी, जिच्या अंगावर एचएलएसारखी खूण दिसत नाही तिलाच मारतात. खूण आहे का, हा एक प्रश्न; खूण गायब आहे का, हा दुसरा. गेल्या पंचवीस वर्षांतल्या चिकटरेणूंवरच्या कामातून माझ्या मते तिसरा प्रश्न पुढे आला आहे आणि त्याला अजून पुरेसं महत्त्व मिळालेलं नाही: ही पेशी आपल्या जागेवर आहे का? चिकटरेणू वाचणारे रिसेप्टर हाच प्रश्न विचारतात. अडचण अशी की उत्तर वाचणारे अनेक आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही.

या वाचकांतला पहिला १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डीएनएएक्स संस्थेत सापडला. अकिरा शिबुया, लुईस लॅनियर आणि सहकाऱ्यांनी टी आणि एनके पेशींवरचा एक रेणू ओळखला आणि संस्थेच्या नावावरून त्याला डीनॅम-१ म्हटलं. (या क्षेत्राने अनोळखी वाचकाला नावांनीच पळवून लावण्याचा विडा उचललेला आहे; याच रेणूला सीडी२२६ असंही म्हणतात.) तो मारक पेशीला चेतवतो हे दिसत होतं, पण समोरच्या पेशीवरचं काय पाहून चेतवतो ते ठाऊक नव्हतं. २००३ मध्ये इटलीतल्या जिनोव्हा इथल्या क्रिस्टिना बोत्तिनो, अलेस्सांद्रो मोरेत्ता आणि त्यांच्या गटाने उत्तर दिलं: पोलिओ विषाणूचा रिसेप्टर आणि त्याचा भाऊबंद नेक्टिन-२.

ही भेट जवळून पाहण्यासारखी असते. एनके पेशी गाठीच्या पेशीला भिडते तेव्हा आधी पकड बसते. एनके पेशीवरचं एलएफए-१ नावाचं इंटिग्रिन एरवी वाकून, मिटून बसलेलं असतं. ते ताठ होतं आणि समोरच्या पेशीवरच्या आयकॅम-१ या चिकटरेणूला घट्ट धरतं. दोन पेशींच्या मध्ये एक चपटी, गोल चकती तयार होते. डीनॅम-१ या चकतीत गोळा होतो, एलएफए-१ च्या शेजारी, त्याच्याशी जोडलेला. समोर सीडी१५५ भेटला की डीनॅम-१ च्या आतल्या शेपटीवरच्या टायरोसिनला फॉस्फेट चिकटतो आणि निरोप आत जातो. मग पेशीच्या पोटातल्या विषारी कणांच्या पिशव्या रेणूंच्या रुळांवरून सरकत चकतीपाशी येतात, तिथेच उघडतात. परफोरिन समोरच्या पटलात छिद्रं पाडतं, ग्रँझाइम आत शिरतात आणि पेशी स्वतःच स्वतःला संपवायला लागते. शेजारच्या निरोगी पेशीला धक्का लागत नाही, कारण सगळा मारा त्या चकतीपुरता.

पकड नसेल तर पुढचं काहीच होत नाही, याचा पुरावा दुर्दैवाने माणसांतच आहे. एलएफए-१ ज्या जनुकावर अवलंबून आहे ते बिघडलेलं घेऊन काही बाळं जन्माला येतात. त्यांची नाळ वेळेवर गळत नाही, जखम चिघळते पण तिच्यात पू होत नाही, कारण पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीला धरून बाहेर पडूच शकत नाहीत. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय रुधिर-प्रतिकारशास्त्र संस्थेत अशा मुलांचं निदान होतं. चिकटरेणू म्हणजे नुसता गोंद नव्हे, हे त्या कुटुंबांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

२००८ मध्ये जपानी आणि अमेरिकी गटांनी डीनॅम-१ नसलेले उंदीर तयार केले. त्यांना कॅन्सर घडवणारी रसायनं दिली तर इतर उंदरांपेक्षा गाठी जास्त झाल्या. इथपर्यंत गोष्ट सरळ आहे: पेशी बिघडते, सीडी१५५ चढवते, डीनॅम-१ तो ओळखतो, पेशी मरते. प्रश्न एवढाच उरतो की मग गाठी सीडी१५५ टाकून का देत नाहीत? एचएलए टाकायला त्यांना वेळ लागत नाही. उलट मेलॅनोमा, फुप्फुस, मोठं आतडं, स्वादुपिंड अशा कितीतरी कॅन्सरमध्ये तो भरभरून असतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो जितका जास्त तितकं रुग्णाचं भवितव्य वाईट.

उत्तराचा मोठा भाग २००९ मध्ये मिळाला. जेनेन्टेक कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी टिगिट नावाचा रिसेप्टर शोधला आणि त्याच वर्षी जेरुसलेमच्या ओफर मँडेलबॉइम यांच्या गटाने त्याचं एनके पेशींवरचं काम दाखवलं. टिगिटही सीडी१५५ च वाचतो, पण अर्थ उलटा लावतो: थांब. शिवाय सीडी१५५ वरची त्याची पकड डीनॅम-१ पेक्षा कित्येक पटींनी घट्ट आहे. दोघं एकाच पेशीवर असले तर टिगिट आधी जागा पटकावतो. त्याच्या शेपटीतून आत थांबण्याचा निरोप जातो तो वेगळाच. एवढ्यावर तो थांबत नाही. डीनॅम-१ ला काम करायला आपल्याच जोडीदाराशी जोडी जमवावी लागते; टिगिट शेजारी येऊन ती जोडी जमू देत नाही. आणि टी पेशीवरचा टिगिट टी पेशींना चेतवणाऱ्या डेंड्रायटिक पेशीवरच्या सीडी१५५ ला भिडला तर ती पेशीही मवाळ होते, चेतवणाऱ्या रसायनांऐवजी शमवणारं आयएल-१० सोडू लागते. त्यातच पुढे २०१६ मध्ये नेक्टिन-२ वाचणारा पीव्हीआरआयजी हा आणखी एक ‘थांब’ सापडला. सीडी९६ हा चौथा भिडू सीडी१५५ ला धरतो हे २००४ पासून माहीत आहे. उंदरात तो ब्रेकसारखा वागतो, माणसाच्या टी पेशींत काही प्रयोगांत नेमका उलटा. त्याच्याबद्दल छातीठोक बोलणाऱ्यांपासून सावध राहावं.

या सगळ्याचा सर्वांत बोलका प्रयोग मला वाटतो तो ब्रिस्बेनच्या मार्क स्मिथ आणि विल्यम डगल यांच्या गटाचा, २०१८ चा. डीनॅम-१ काढला तर गाठी वाढतात, हे माहीत होतं. मग त्याला चेतवणारा सीडी१५५ काढला तरी गाठी वाढायला हव्यात. प्रत्यक्षात कमी झाल्या. गाठीच्या पेशीतून सीडी१५५ काढला तर तिची वाढ आणि पसरणं मंदावलं. उंदराच्या स्वतःच्या पेशींतून काढला तर डीनॅम-१ टी आणि एनके पेशींवर जास्त टिकला आणि प्रतिकार सुधारला. दोन्हीकडून काढला तेव्हा परिणाम सर्वांत चांगला. म्हणजे सीडी१५५ ओळखला जातो हा गाठीचा तोटा, पण त्याच्या जोरावर ती सरकते आणि त्याच्याच जोरावर मारकांना थोपवते हा फायदा त्याहून मोठा. दोन वर्षांनी ब्रिस्बेनमधल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं की सतत भोवती सीडी१५५ असला तर टी पेशी डीनॅम-१ आत ओढून घेऊन नष्टच करतात. गाठीत पोचलेली टी पेशी जिवंत असते, पण वाचायचा डोळाच गमावून बसते. ज्या मेलॅनोमा रुग्णांच्या गाठीतल्या टी पेशींवर डीनॅम-१ शिल्लक होता, त्यांना पीडी-१ हा टी पेशींवरचा दुसरा ब्रेक रोखणाऱ्या औषधाचा फायदा जास्त काळ मिळाला. या मुद्द्याकडे पुन्हा यावं लागेल.

दरम्यान, या रेणूचा उलट उपयोगही कुणाला सुचल्याशिवाय राहिला नाही. ड्यूक विद्यापीठातल्या माथियास ग्रोमायर यांनी पोलिओच्या लशीतला विषाणू घेतला, त्याच्या जनुकसंचातला एक तुकडा काढून सर्दीच्या विषाणूचा बसवला, म्हणजे चेतापेशींत तो वाढू नये. हा विषाणू ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या जहाल गाठीत थेट सोडला. सीडी१५५ गाठीवर भरपूर, त्यामुळे शिरायला वाट मोकळी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६१ रुग्ण होते. तीन वर्षांनी २१ टक्के जिवंत होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या जुन्या रुग्णांत ४ टक्के. तुलना जुन्या नोंदींशी आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली नाही, हे विसरता येत नाही. पण २१ टक्के हा आकडा या गाठीत हलका नाही.

सीडी१५५ पाशीच थांबलो तर ही एकाच रेणूची तऱ्हा आहे असं वाटेल. ई-कॅडहेरिन पाहिलं की तसं नाही हे कळतं. कॅडहेरिन हे मासातोशी ताकेइची यांनी क्योटोत शोधलेलं कुळ. त्वचेपासून आतड्यापर्यंत अस्तराच्या पेशींना एकमेकींत बांधून ठेवणारा मुख्य दोर म्हणजे ई-कॅडहेरिन. २००६ मध्ये जपान आणि जर्मनीतल्या गटांनी दाखवलं की केएलआरजी१ हा एनके आणि मुरलेल्या टी पेशींवरचा ‘थांब’ रिसेप्टर त्यालाच वाचतो. पुढे स्फटिकरचना मिळाली तेव्हा एक मार्मिक गोष्ट दिसली. ज्या बाजूने ई-कॅडहेरिन शेजारणीच्या ई-कॅडहेरिनला गुंततं, त्याच जागेवर केएलआरजी१ चीही पकड येते. म्हणजे जोड पक्का असताना ती जागा झाकलेली असते. जोड सुटला, दोर मोकळा लोंबू लागला, की केएलआरजी१ ला तो वाचता येतो.

आणि हाच दोर वाचणारा दुसरा रिसेप्टर, सीडी१०३ हे इंटिग्रिन, टी पेशीला नेमकी उलट मदत करतो. १९९४ पासून ते ई-कॅडहेरिनला धरतं हे माहीत आहे. पॅरिसजवळच्या व्हिलज्युइफ इथल्या फतिया मामी-शुएब यांच्या गटाने २००७ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरमधल्या टी पेशी घेऊन दाखवलं की ही पकड बसली तर विषारी कण नीट नेमावर सुटतात. सीडी१०३ असलेल्या टी पेशी गाठीत जास्त असतील तर अंडाशय आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये रुग्ण जास्त जगतात, हे नंतर अनेकांना आढळलं. पण गाठ पसरायला निघते तेव्हा ई-कॅडहेरिन टाकून देते. स्तनाच्या लोब्युलर कॅन्सरमध्ये ते बहुतेक वेळा नसतंच; सूक्ष्मदर्शकाखाली पेशी एकामागे एक अशा बारीक ओळींत विखुरलेल्या दिसतात आणि पॅथॉलॉजिस्ट ई-कॅडहेरिनचा रंग देऊनच निदान पक्कं करतात. अशा पेशीने केएलआरजी१ चा ब्रेकही गमावला आणि सीडी१०३ ची पकडही. ताळेबंद तिच्या फायद्याचा की तोट्याचा, हे गाठीगाठीवर ठरतं.

सीईएकॅम१ हा चिकटरेणू आणि टिम-३ हा टी पेशींवरचा रिसेप्टर ही जोडी २०१५ मध्ये गाजली. ती खरोखर एकमेकांना धरते की नाही यावर नंतर वाद झाले, तेव्हा इथे तिच्यावर इमला बांधत नाही. मात्र एका जिवाणूची गोष्ट सांगितलीच पाहिजे. हिरड्यांत राहणारा फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम मोठ्या आतड्याच्या गाठींत वारंवार सापडतो. जेरुसलेममध्ये २०१५ मध्ये दिसलं की त्याचं फॅप२ हे प्रथिन थेट टिगिटला धरतं. गाठीने सीडी१५५ दाखवायचीही गरज नाही. जिवाणूच ‘थांब’ची कळ दाबतो. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं प्रमाण पाहता हे दूरचं नाही: खारघरच्या अॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रातल्या अमित दत्त यांच्या गटाने जिभेच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये हा जिवाणू दाह आणि कमी आयुष्य यांच्याशी जोडलेला असल्याचं २०२२ मध्ये मांडलं.

कुणी म्हणेल, नैसर्गिक रिसेप्टरांचा एवढा गोंधळ असेल तर आपणच रिसेप्टर बनवून टी पेशींवर बसवू. कार-टी उपचार तेच करतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी घडवलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि बी पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये भारतीय रुग्णांसाठी एक दार उघडलं. पण बनवलेला रिसेप्टरही चिकटरेणूंवाचून अडतो. सीडी५८ या चिकटरेणूचं जनुक लिम्फोमाच्या पुष्कळ रुग्णांत बिघडलेलं असतं, आणि अशा रुग्णांत कार-टीचा परिणाम टिकत नाही असं स्टॅनफर्डमधल्या अभ्यासात दिसलं. घट्ट गाठींबद्दल बॉस्टनच्या मार्सेला मॉस यांच्या गटाने २०२२ मध्ये केलेला प्रयोग त्याहून डोळे उघडणारा आहे. गाठीच्या पेशींतून इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप घेणारं जनुक काढलं तर ल्युकेमियाच्या पेशी पूर्वीसारख्याच मरत होत्या, पण घट्ट गाठींच्या पेशी वाचू लागल्या. कारण? तो निरोप मिळाल्यावरच त्या आयकॅम-१ वाढवतात; तो नाही तर कार-टी पेशीची पकडच बसत नाही. कार-टी घट्ट गाठींत का अडखळतं याची कारणं बरीच आहेत. त्यांतलं हे एक इतकं साधं आहे की त्याकडे उशिरा लक्ष गेलं.

आता औषधांचा हिशेब. टिगिटचा शोध लागल्यावर तो रोखणारं प्रतिपिंड बनवायची चढाओढ लागली. रोशच्या तिरागोलुमॅबने फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १३५ रुग्णांच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत आशा दाखवली: पीडी-१ ला चालू करणारा पीडी-एल१ रोखणाऱ्या औषधासोबत दिल्यावर ३१ टक्के रुग्णांची गाठ आक्रसली, एकट्या औषधाने १६ टक्के. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकी नियामकाने त्याला झटपट तपासणीच्या यादीत घातलं. मग मोठ्या चाचण्या आल्या. २०२२ मध्ये लघुपेशी कॅन्सरची चाचणी फसली, नोव्हेंबर २०२४ मध्ये फुप्फुसाच्या मुख्य चाचणीत आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मर्कने डिसेंबर २०२४ मध्ये आपलं व्हायबोस्टोलिमॅब गुंडाळलं, २०२५ मध्ये जीएसकेने बेलरेस्टोटग सोडलं. काही कंपन्या अजून तग धरून आहेत.

‘टिगिट हे लक्ष्यच चुकीचं होतं’ हा निष्कर्ष आता सर्रास ऐकू येतो. मला तो पटत नाही. टिगिट रोखून काय मिळतं? सीडी१५५ ची जागा मोकळी होते, म्हणजे डीनॅम-१ ला संधी मिळते. पण टी पेशीवर डीनॅम-१ उरलाच नसेल, तर ती संधी घेणार कोण? २०२२ मध्ये खुद्द जेनेन्टेकच्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं की पीडी-१ चा निरोपही डीनॅम-१ च्या शेपटीवरचा फॉस्फेट काढून टाकतो. म्हणून दोन्ही रोखल्याखेरीज तो पुरता मोकळा होत नाही. त्यात प्रतिपिंडाच्या मागच्या टोकाचा, म्हणजे इतर प्रतिकारपेशी ज्याला धरतात त्या भागाचा, प्रश्न आहे. तिरागोलुमॅबचं हे टोक कार्यरत ठेवलं होतं, काही स्पर्धकांनी ते मुद्दाम निकामी केलं. २०२४ मध्ये पहिल्या चाचणीच्या नमुन्यांतून दिसलं की ज्यांच्या गाठीत मॅक्रोफेज आणि टिगिटने भरलेल्या नियामक टी पेशी जास्त होत्या त्यांना फायदा जास्त झाला, आणि प्राण्यांत तो परिणाम त्याच टोकातून आला. म्हणजे औषध बहुधा एका वाटेने काम करत होतं आणि रुग्ण निवडले जात होते दुसऱ्याच खुणेवरून, पीडी-एल१ किती आहे यावरून.

आपल्याकडे हा प्रश्न नुसता बौद्धिक नाही. पीडी-१ रोखणारं एक औषधच बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके-मान कॅन्सरच्या रुग्णांना निव्होलुमॅब नेहमीच्या मात्रेच्या अगदी थोड्या भागात, तीन आठवड्यांतून २० मिलिग्रॅम, तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांसोबत देऊन पाहिलं. एका वर्षाने जिवंत असलेल्यांचं प्रमाण नुसत्या त्या स्वस्त औषधांवर १६.३ टक्के होतं, निव्होलुमॅब जोडल्यावर ४३.४ टक्के. निकाल २०२२ मध्ये आला. थोड्या मात्रेनेही किती फरक पडू शकतो, हे या चाचणीने दाखवलं. अशा ठिकाणी दुसरं महागडं प्रतिपिंड जोडा म्हणणाऱ्याने ते कुणाला जोडायचं हे आधी सांगायला हवं.

तेव्हा टिगिट, पीव्हीआरआयजी किंवा केएलआरजी१ रोखणाऱ्या पुढच्या औषधाची बातमी वाचाल तेव्हा किती टक्क्यांची गाठ आक्रसली हे जरूर बघा, पण त्याआधी एक गोष्ट शोधा: भरती करताना रुग्णांच्या गाठीतल्या टी पेशींवर डीनॅम-१ मोजला होता का? मोजला नसेल, तर ती चाचणी यशस्वी झाली तरी का झाली आणि फसली तरी का फसली, हे तिच्यावरून कळणार नाही.